पाणी कुठवर येऊ द्यायचं

पाबालिस, १४ मार्च

नेरिंगा,

आधी बस, बूट काढ, मग वाच. उभ्या उभ्या वाचलेलं माझं काही तुला पटत नाही.

अक्षर बेनेदिक्तासचं आहे, शब्द माझे. मी बोलेन तेवढंच लिहायचं, अशी त्याला ताकीद दिली आहे. जन्मभर चर खणणाऱ्या सरकारी टोळीचा मुकादम होता, तेव्हा हुकूम पाळायची सवय असेल असं मला वाटलं होतं. (मुकादम हुकूम देतो, पाळत नाही. – बे.) बघितलंस? पहिल्याच परिच्छेदात नाक खुपसलं.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "हं, हं" करतेस, मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत असतं आणि माझं निम्मं बोलून होतं तोवर तुझी मीटिंग लागते. पत्राला मीटिंग लागत नाही.

तर तुझी माणसं येऊन गेली. एक आपला लेफ्टनंट, समुद्राकडचा, गालावर अजून वस्तरा धड फिरत नाही असा. आणि एक जर्मन कॅप्टन, मित्रफौजेतला, खांबासारखा उंच. या घरी याआधी जर्मन आला तेव्हा मी पाळण्यात होते आणि तो जाताना डुक्कर घेऊन गेला, असं आई सांगायची. हा निदान बिस्किटांचा पुडा घेऊन आला. जग सुधारतंय म्हणायचं.

कुरणाच्या कडेला उभं राहून लेफ्टनंटने मला सगळं समजावलं. तुझ्या आजोबांनी आणि बेनेदिक्तासने मिळून जे चर खणले, ते बुजवायचे. चर बुजले की कुरणात पाणी साचेल, युओदे नदी काठ सोडून पसरेल आणि पुन्हा पूर्वीसारखी दलदल होईल. मग सरहद्दीपलीकडून रणगाडे आले तर आमच्या गवतात पोटापर्यंत रुततील. हे म्हणे तिकडच्या लढाईत कळलं. तिथे राजधानीजवळच्या एका किरकोळ नदीचं पाणी सोडलं आणि एवढी मोठी फौज काठावर अडून बसली. आता तोच धडा आम्ही इथे गिरवायचा.

मी विचारलं, "चर बुजवायला यंत्रं आणणार का रे? माझा रस्ता उखडेल."

तो म्हणाला, "आजी, यंत्रं कशाला? बीव्हर आहेत ना. ते दर वसंतात झाडं कुरतडून चरात बांध घालतात आणि तुमचे शेजारी आकडी घेऊन तो फोडतात, असं ऐकलं. ते त्यांनी थांबवलं तरी निम्मं काम झालं."

म्हणजे पोरी, तू इतकी शिकलीस, सैन्यात मेजर झालीस, दोनदा त्या लढाईच्या मुलखात जाऊन आलीस, आणि शेवटी काय शिकून आलीस, तर बीव्हरच्या कामात लुडबूड करू नका! हे मला बीव्हरनेही सांगितलं असतं.

पुढचं ऐक. मी त्यांच्यासाठी कुट्टूच्या पिठाचा केक करून ठेवला होता. चहा ठेवायला आत गेले. परत येते तर कॅप्टन दारात उभा, बाहेरच्या बाजूला. एका हातात कागद, दुसरा हात माझ्यापुढे केलेला. मी आत, तो बाहेर, मध्ये उंबरा! मी दोन्ही हात पाठीमागे लपवले. उंबऱ्यावरून हात मिळवला की भांडण लागतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी म्हटलं, "नाही, नाही, नाही! आधी आत ये, बाळा!"

पण त्याला आपल्या भाषेतले तीनच शब्द येतात. नमस्कार, आभार आणि नाही. लेफ्टनंट फाटकाशी कुत्र्याच्या तोंडातून आपली विजार सोडवत होता. कॅप्टन कानापर्यंत लाल झाला, कागद घडी करून खिशात घातला, मला सलाम ठोकला, "आभार" म्हणाला आणि गेला. मी केक घेऊन उभीच. केक बेनेदिक्तासने संपवला.

म्हणजे मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. काय म्हणणार आहे ते या पत्रात सांगणारही नाही. कुरण माझं आहे आणि योजना तुझी आहे, मग मध्ये हा खांब कशाला? विचारायचं तर तू ये आणि विचार.

कोंबड्या बऱ्या आहेत. गुडघे बरे नाहीत.

उर्शुले आजी


पाबालिस, १७ एप्रिल

नेरिंगा,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, कागदाच्या तळाशी सांडलेल्या चार ओळी. बेनेदिक्तासने दोनदा वाचल्या, कारण पहिल्या वेळी मला वाटलं हा चुकीचं वाचतोय.

"आजी, तुझा नकार मला कळला. मी त्याचा मान राखला आहे. तुझ्या कुरणाला कुणी हात लावणार नाही. बचावाची रेष आता जंगलाच्या कडेने, पाबालिसच्या मागून जाईल. तू व्हिल्नियसला आलीस तर खोली तयार आहे."

तारखेवरून बघितलं तर माझं पत्र पोचायच्या आधीच तू हे लिहिलंस. खांबाचा अहवाल माझ्या पत्राच्या पुढे धावला. कोणता नकार गं? मी एका परक्या माणसाला घरात बोलावलं, आणि तुमच्या कार्यालयात त्याचं "मालकीणबाईंचा ठाम विरोध" झालं! तुझ्या त्या मोठ्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एकालाही उंबरा माहीत नाही? सगळे फ्लॅटमध्ये जन्मले का?

पण हसून झाल्यावर मी बेनेदिक्तासला विचारलं, "मागून जाईल म्हणजे काय? मागून गेली तर मी कुठे?"

त्याने टेबलावर मांडून दाखवलं. ब्रेडचा तुकडा म्हणजे जंगल. मीठदाणी म्हणजे मी. माझ्याशेजारी स्तासे, ती मिरपूड. (तिला सांगू नये. – बे.) सुरी म्हणजे तुझी रेष. आधी सुरी माझ्यापुढे होती, नदीच्या बाजूला. आता त्याने ती उचलली आणि मीठदाणीच्या मागे ठेवली. ब्रेडच्या कडेला.

मी त्या सुरीकडे बघत राहिले. मग म्हटलं, "म्हणजे मी बाहेर."

तो म्हणाला, "हो."

तू गेल्या वेळी आली होतीस तेव्हा याच टेबलाशी बसून सांगितलं होतंस. तिकडे पूर्वी सगळे म्हणायचे, थोडं मागे हटू, शत्रूला दमवू, मग हटलेलं परत घेऊ. आणि मग हटल्या जागी जी गावं राहिली त्यांचं काय झालं, ते तू पाहून आली होतीस. सांगताना तुझा चहा थंड झाला होता. तू म्हणालीस, परत घेतलेलं गाव तेच गाव नसतं. म्हणून आपल्याकडे आता पहिल्या पावलापासून अडवायचं, एकही घर मागे सोडायचं नाही, असं तू वरच्यांशी भांडतेस. मी तुला तेव्हा म्हटलं होतं, तुझी लढाई माझ्या स्वयंपाकघरात आणू नकोस. मग तू मला व्हिल्नियसला चल म्हणालीस, मी म्हटलं मी काय कुंडीतलं झाड आहे का, आणि तू म्हणालीस, तिथल्या म्हाताऱ्याही हेच म्हणत होत्या. आणि न जेवता गेलीस. कोणाचं बरोबर होतं, ते सोड.

पण मला एक सांग. तुझ्या वरच्यांशी तू भांडलीस की एकही घर मागे सोडणार नाही, आणि पहिलं घर सोडलंस ते माझं? तेही माझा मान राखून? इतका मान नको गं मला.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. राग येण्याइतकं जेवण हल्ली जात नाही. थकले आहे. कोणी ना कोणी येतं, रेष काढतं, पुन्हा पुसतं, आणि दर वेळी मला सांगतात की ही माझ्याच भल्यासाठी आहे.

तर बेनेदिक्तास, नीट लिही, मोठ्या अक्षरात: माझी हरकत नाही. पाणी येऊ दे. गवत जाईल, गाय स्तासेच्या भाचीकडे जाईल, रस्ता चिखलात जाईल आणि वसंतात मी बेटावर राहीन. राहीन. सुरी पुन्हा माझ्यापुढे ठेव.

(लिहिलं. – बे.)

लिहिताना त्याने पेन दोनदा झटकलं. शाई आहे ना रे? म्हणतो, आहे.

उर्शुले आजी


पाबालिस, १९ मे

मेजरबाई,

आज नुसतं नेरिंगा म्हणवत नाही.

तुझं दुसरं पत्र चांगलं लांब होतं. लांबी बघून मी खूश झाले, कोंबड्यांना बाहेर घालवलं, खुर्ची खिडकीशी ओढली आणि बेनेदिक्तासला म्हटलं, सावकाश वाच. तो वाचत होता. अहवालाची चूक झाली, कॅप्टनला फार वाईट वाटलं, तो आता भेटेल त्याच्या घरात आधी पाऊल टाकतो आणि मगच बोलतो. मी हसले. रेष पुन्हा पुढे आणायला वरच्यांची परवानगी मिळाली. मी म्हटलं, शाबास. आणि मग बेनेदिक्तासची नजर खाली सरकली, तोंड मात्र गप्प राहिलं, आणि आवाज आला तो थेट पुढच्या ओळीवर. मला अक्षरं येत नाहीत, पण वाचणाऱ्याचं तोंड वाचता येतं.

"काय गाळलंस?" मी म्हटलं.

"काही नाही. सरकारी भाषा आहे."

"तुला सरकारी भाषा कधीपासून टोचायला लागली? वाच."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि वाचलं: "युओदेच्या पूर्वेकडचं एक घर पाण्याच्या पलीकडे राहील. त्या मालकाला आधीच कल्पना दिली आहे आणि शहरात फ्लॅट देऊ केला आहे."

"कुठला मालक?"

"उर्शुले, नदीपलीकडे घर एकच आहे."

मी इतकी मठ्ठ कशी गं? जन्मभर तो फळीवरून नदी ओलांडून इकडे येतो. पाणी माझ्यापुढे म्हणजे त्याच्या मागे, हे टेबलावर मांडणारा तोच होता, आणि स्वतःसाठी त्याने टेबलावर काहीच ठेवलं नव्हतं. साखरेचा खडासुद्धा नाही.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. लेफ्टनंटने फळीवर गाठून सांगितलं."

"आणि वर येऊन माझा केक खाल्लास?"

"चांगला झाला होता."

"आणि मागच्या महिन्यात इथेच बसून माझ्या वतीने 'पाणी येऊ दे' लिहिलंस? मोठ्या अक्षरात?"

"तूच म्हणालीस, बोलेन तेवढंच लिही."

मी त्याला बरंच बोलले. ते लिहायला त्याने नकार दिला. (छापण्यासारखं नव्हतं. – बे.) मग मी म्हटलं, लिही: सुरी आणखी पुढे सरकव, याच्या घरापलीकडे. तेही लिहीना. म्हणतो, त्याच्या घरामागे वाळूची चढण आहे, तिथे पाणी ठरत नाही. नदी जिथे सखल आहे तिथेच पसरणार. ती काही मेजरचं ऐकत नाही.

"मग मी हरकत घेते," मी म्हटलं.

"म्हणजे तूही बाहेर, मीही बाहेर, स्तासेही बाहेर. त्याने माझं काय भलं झालं?"

"सोबत होईल."

"उर्शुले, रेष आहे ती. कुणीतरी बाहेर राहणारच. मी चर खणले तेव्हा एका बाजूचं कुरण सुकलं आणि दुसऱ्या बाजूची विहीर आटली. तेव्हाही असंच होतं."

"हे तू इतक्या शांतपणे कसं बोलतोस?"

"मोठ्याने बोललं तर खोकला येतो."

तर मेजरबाई, ऐका. माझी संमती मी परत घेत नाही, कारण स्तासे भिंतीपलीकडून ओरडेल. पण मी अंगठाही उठवत नाही. तू इथे येईपर्यंत कागद तुझ्या खिशातच राहू दे. तू त्याला जे सांगायचं ते लेफ्टनंटकरवी फळीवर सांगायचं नाही. त्याच्या अंगणात उभं राहून सांगायचं. तू पोरगी होतीस तेव्हा त्याच्या मधमाश्यांनी तुझा कान सुजवला होता आणि याने थंड पाणी आणायला युओदेपर्यंत पळत जाऊन गुडघा फोडून घेतला होता. त्या माणसाला "पूर्वेकडचं एक घर" म्हणतात का?

(हा कानाचा भाग अनावश्यक आहे. – बे.)

आवश्यक आहे. लिही.

उर्शुले


पाबालिस, २८ जून

नेरिंगा,

हे अक्षर स्तासेचं आहे. बेनेदिक्तास दोन दिवस आला नाही. स्तासे भिंग धरून लिहिते आणि दर ओळीला म्हणते, इतकं कशाला बोलतेस. म्हणून थोडक्यात सांगते.

तू आलीस ते बरं केलंस. गणवेशात आलीस, तेही ठीक. मला वाटलं होतं फाटकात येऊन "आजी" म्हणशील. तू म्हणालीस, "मालकीणबाई, आत येऊ का?" मग मागे तो खांब आणि कागदवाले उभे दिसले आणि कळलं की आज तुला नात होता येणार नाही. मीही म्हटलं, "या, मेजरसाहेब. उंबरा सांभाळा." खांब सगळ्यांच्या आधी आत शिरला आणि डोकं आपटून घेतलं. त्याला केक दिला. खाताना त्याचे डोळे भरून आले. ते डोक्यामुळे की केकमुळे, माहीत नाही.

तू काही खाल्लं नाहीस. बशी हातात धरून खिडकीतून फळीकडे बघत होतीस. मग ती खाली ठेवून एकटीच गेलीस. लेफ्टनंट उठायला लागला तर तू नुसता हात केलास आणि तो बसला. तो हात तुझ्या आजोबांचा होता. म्हैस उठायला लागली की ते असाच करायचे. (म्हैस कुठली, गाय. हिला आता गाय आणि म्हैस कळेना. – स्तासे)

तू त्याच्याकडे बराच वेळ होतीस. कागदवाल्यांचं सगळं गप्पांचं सामान संपलं. मी दारात उभी राहून बघत होते. तुम्ही दोघं मधमाश्यांच्या पोळ्यांपाशी बसला होतात, तुझी टोपी गवतात होती. तू बोलत होतीस का तो, ते इतक्या लांबून कळलं नाही.

परत आलीस तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं, "काय ठरलं?" तू म्हणालीस, "त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही." तुझा आवाज इतका दमलेला होता की मी पुढचं विचारलंच नाही. मी तुझ्यापेक्षा म्हातारी आहे गं, पण त्या दिवशी बाकावर आपण दोघी शेजारी बसलो तेव्हा कुणी अनोळखी माणूस बघता तर आधी तुला जागा देता.

मी कागदावर तीन फुल्या केल्या. मला एकच येते, दोन आणखी केल्या की काम पक्कं होतं.

निघताना गाडीत बसायच्या आधी तू माझ्या कानाशी म्हणालीस, "आजी, तिकडच्या त्या गावांत आम्ही उशीर केला होता." एवढंच. मी म्हटलं, "जा, उशीर होतोय." मला दुसरं काही सुचलं नाही. आता सुचतंय, पण स्तासेचा हात दुखतोय.

बीट ताकात घालून ठेवलं होतं, तेही तसंच राहिलं. पुढच्या वेळी गणवेश गाडीत काढून ये.

आजी


पाबालिस, २० ऑक्टोबर

नेरिंगा,

पुन्हा बेनेदिक्तासचं अक्षर. आता त्याला उशीर झाला अशी सबब सांगता येत नाही, कारण तो पलीकडच्या खोलीतून येतो.

हो. राहायला आला. गावात बोभाटा झाला म्हणजे स्तासेने भिंतीवर काठी आपटून विचारलं, "लग्नाला बोलावणार का?" मी म्हटलं, "तू नवरीची करवली हो, दात लावून ये." शहरातला फ्लॅट त्याने नाकारला. तिथे चौथ्या मजल्यावर मधमाश्यांची पोळी कुठे ठेवायची, असा त्याचा प्रश्न होता आणि तुमच्या कार्यालयाकडे त्याचं उत्तर नव्हतं. मी त्याला अटी घातल्या. बूट बाहेर, पाइप बाहेर, मतं बाहेर. त्याने पहिल्या दोन पाळल्या.

कसा तयार झाला म्हणशील. तू त्याच्याशी त्या दिवशी काय बोललीस ते मी सारा उन्हाळा उकरून काढायचा प्रयत्न केला. एकदाच म्हणाला, "तुझी नात माझ्याशी खोटं बोलली नाही. एकदाही नाही." आणि गवताला गेला. तो तुझ्या बोलण्याने आला की माझ्या शिव्यांनी, की थंडीत फळीवर पाय घसरायला लागला म्हणून, ते मला माहीत नाही. कदाचित मधमाश्यांनी ठरवलं असेल.

शेवटचं गवत आम्ही ऑगस्टमध्ये कापलं. गाय गेली. जाताना तिने मागे वळून बघितलं नाही, गायीला एवढं कळत नाही आणि ते बरंच आहे. मग तुझा लेफ्टनंट दोन माणसं घेऊन आला. चराच्या तोंडाशी फळ्या बसवायच्या होत्या. बेनेदिक्तास म्हणाला, "बाजूला व्हा. हा चर मी उघडलाय, मीच बंद करणार." लेफ्टनंटने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बघतोस काय, मुकादम आहे तो." पोरांनी फळ्या धरल्या आणि याने एकेक ठोकली. मध्ये थांबायचा, कुणाला वाटावं दम लागलाय. दम लागला होताच. पण मी त्याला ओळखते. तुझे आजोबा त्याच चरात त्याच्या शेजारी उभे होते, तेव्हा मी डोक्यावर टोपली घेऊन त्यांचं जेवण न्यायची. शेवटची फळी बसली तेव्हा पाण्याने थोडा वेळ काही केलं नाही. मग फळीशी तोंड लावून उभं राहिलं आणि हळूहळू वर यायला लागलं. याने आकडी चराच्या कडेला टेकवली. बीव्हर आता आम्हाला काम करताना बघतात.

पाणी कुरणात आलं आहे. आधी सायंकाळी गवत वाजायचं, आता नुसतं चमकतं. करकोचे या वर्षी उशिरा गेले, त्यांना बेडकांची चंगळ झाली. नदीवरची फळी वाहून जाऊ नये म्हणून बेनेदिक्तासने ती दोराने बांधली होती. गेल्या आठवड्यात ती दिसेनाशी झाली. खाली आहे की गेली, कुणी बघायला गेलं नाही. डाकवाली आता जंगलाच्या वळणापर्यंतच येते, तिथे स्तासेच्या भाचीने डबा लावलाय. तू आलीस तर तिथून रबरी बूट घालूनच ये.

परवा रेडिओवर कुणीतरी सांगत होतं की आता इतर देशही हेच करणार आहेत, त्यांच्याकडेही दलदली आहेत. म्हणजे तिथेही कुणाची तरी गाय जाणार. तिथेही कुणीतरी टेबलावर मीठदाणी मांडून बघत असेल. तुमची ती लढाई अजून संपत नाही आणि तिचे धडे मात्र गावोगावी पोचले. मला वाईट वाटत नाही असं नाही. वाटतं. पण वाईट वाटण्याचंही आता वय राहिलं नाही, थोडं वाटतं आणि मग डुलकी लागते.

तू मला जूनमध्ये विचारलं होतंस, तू समाधानी आहेस का. तेव्हा उत्तर दिलं नाही. समाधानी नाही. सुरी माझ्यापुढे आहे, मी आत आहे, झोप बरी लागते. पण खिडकीतून पाण्यापलीकडे त्याचं घर दिसतं. चांगलं छप्पर आहे, मागच्याच वर्षी पत्रे बदलले होते. रोज सकाळी उठून हा खिडकीशी जाऊन उभा राहतो. मी विचारलं, काय बघतोस? म्हणतो, वारा कुठला आहे ते बघतोय. ज्या धुराड्यातून धूर निघत नाही त्यावरून वारा कसा कळतो, ते मी विचारलं नाही. कॉफी करते आणि त्याच्या हाताशी ठेवते.

आता एक काम सांगते, आणि हे तुला आजी म्हणून सांगत नाही, कुरणाची मालकीण म्हणून सांगते. लेफ्टनंट बोलता बोलता म्हणाला की दर वर्षी नकाशा नवा करतात आणि माणूस राहत नाही अशी घरं त्यातून काढून टाकतात. जागा मोकळी दिसली की योजना सोपी होते म्हणे. तर बेनेदिक्तासच्या घराची खूण पुसू नकोस. तिथे कुणी राहत नाही, मला माहीत आहे. तरी राहू दे. उद्या तुझी बदली होईल, तुझ्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसेल, ज्याचा कान कधी मधमाशीने सुजवला नाही. तो हातात पेन्सिल घेईल आणि ती खूण त्याच्या मध्ये येईल. त्याची पेन्सिल तिथे एकदा अडखळावी. पुढे गेली तरी चालेल, जाणारच आहे. पण अडखळल्याशिवाय जाऊ नये.

लिहिलंस का रे? का थांबलास?

(खूण राहू दे, नेरिंगा. – बेनेदिक्तास)